गोझो : माल्टाच्या धाकट्या बेटावरील मुक्कामाचे नियोजन

माल्टाला जाणाऱ्या बहुतेकांच्या कार्यक्रमपत्रिकेत गोझोच्या वाट्याला एकच दिवस येतो. सकाळी स्लिमाहून निघालेली मंडळी दहा-साडेदहाला फेरीबोटीतून उतरतात. जेवणाआधी पुरातन मंदिरे आणि किल्ला, जेवणानंतर एखादी खाडी, परतीच्या वाटेवर कोमिनो बेटाच्या निळ्या पाण्यात एक डुबकी आणि सूर्यास्तापूर्वी पुन्हा हॉटेल, असा हा क्रम असतो. त्याच दिवशी, त्याच क्रमाने, तीच ठिकाणे पाहणारे शेकडो लोक सोबत असल्यामुळे या सहलीत बेटापेक्षा सहप्रवासीच अधिक दिसतात.

गोझोचे क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर, लांबी सुमारे १४ आणि रुंदी सुमारे ७ किलोमीटर. २०२१ च्या जनगणनेनुसार वस्ती ३९ हजारांच्या आसपास. एक दिवस पुरेल असा समज व्हावा, असेच हे आकडे आहेत. मात्र दिवसाच्या सहलीचे प्रवासी पाचच्या सुमारास बंदराकडे वळले की बेटाचा स्वभाव पालटतो. गावांच्या चौकांत चर्चसमोरच्या बाकांवर वृद्ध येऊन बसतात, किल्ल्याच्या तटावर निवांत फिरता येते, मिठागरांवर तिरपे ऊन पसरते. गोझोचे जे काही वेगळेपण आहे, ते मुख्यतः सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर भेटते. म्हणून पुढील सर्व माहिती एका गृहीतकावर बेतलेली आहे : गोझोवर किमान तीन रात्रींचा मुक्काम, आई-वडील सोबत असतील तर चार.

आधी व्हिसा, मग तिकीट

माल्टा २००४ मध्ये युरोपीय संघात आणि २००७ च्या अखेरीस शेंगेन क्षेत्रात आला. २००८ पासून तेथे युरो हे चलन आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्यास शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनमधील वास्तव्याचा परवाना, अमेरिकेचे ग्रीन कार्ड किंवा आखाती देशांतील रेसिडेन्सी यांपैकी कशामुळेही त्यातून सूट मिळत नाही. ब्रिटिश वा अमेरिकी पासपोर्ट घेतलेल्यांना मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची, परंतु ती ४५ दिवसांपर्यंत वाढवण्याचा अधिकार वकिलातीला आहे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा अनिवार्य आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रत्यक्षात अडचण येते ती नियमांपेक्षा अर्ज केंद्रातील वेळ मिळण्याची. उन्हाळी सुट्टीच्या आधी मोठ्या शहरांत ती कित्येक आठवडे पुढची मिळू शकते. जूनमध्ये जायचे तर फेब्रुवारीतच या कामाला लागणे शहाणपणाचे.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे रात्रींच्या संख्येवर ठरते. गोझोच्या जोडीला सिसिली पाहण्याचा बेत अनेक जण करतात आणि तो चांगलाही आहे, कारण सिसिलीतील पोझाल्लोहून व्हॅलेटाला येणारी वेगवान फेरीबोट पावणेदोन तासांत पोहोचवते. मात्र सिसिलीत पाच रात्री आणि गोझोत चार असतील तर अर्ज इटलीकडे जाईल. उलट असेल तर माल्टाकडे. ज्या देशाच्या अर्ज केंद्रात लवकरची वेळ मिळते, त्याप्रमाणे रात्रींची वाटणी आखावी. आखल्यावर मात्र तीच पाळावी.

आई-वडिलांना सोबत नेणाऱ्यांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मुलाकडे लंडनला किंवा मुलीकडे दुबईला तीन महिन्यांसाठी आलेल्या पालकांना घेऊन एखादी छोटी सहल करावी, असा विचार बहुधा ते आल्यानंतर सुचतो. शेंगेनचा नियम असा की अर्ज आपण जिथे कायदेशीररीत्या वास्तव्य करतो, त्या देशातून करावा. पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीला तेथून अर्ज करायचा असल्यास मायदेशातून तो का केला नाही, याचे पटण्याजोगे कारण द्यावे लागते आणि वकिलाती ते सहजी मान्य करत नाहीत. म्हणजे पुण्या-नागपूरचे आई-बाबा विमानात बसण्यापूर्वीच त्यांच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज भारतातून व्हायला हवा. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी एप्रिल २०२४ पासून एक सवलतही आहे : मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानुसार वापरलेल्यांना दोन वर्षांचा, आणि त्यापुढे पाच वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. दरवर्षी मुलांकडे येणाऱ्या पालकांच्या बाबतीत ही सवलत फार उपयोगाची आहे.

शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करणारी नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. पहिल्या खेपेस तिला थोडा वेळ लागतो, हे विमानतळावरून पुढची बोट गाठताना लक्षात ठेवावे. व्हिसामुक्त पासपोर्टधारकांसाठी ईटायस ही ऑनलाइन पूर्वपरवानगीही यायची आहे. ती सुरू झाली आहे का, हे तिकीट काढताना युरोपीय संघाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

ऋतू आणि वारा

एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत, हे दोन काळ सर्वांत चांगले. वसंतात बेट हिरवे असते. जून उजाडेपर्यंत तेच गवत पिवळे पडून मधाच्या रंगाच्या दगडी घरांशी एकरूप होते. समुद्र मात्र वसंतात थंड असतो. पोहण्याची हौस असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरच बरा, कारण उन्हाळाभर तापलेले पाणी तोवर उबदार राहते. पहिला जोरदार पाऊसही साधारण त्याच सुमारास येतो, पण तो एखाद्या दिवसापुरता असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, सावली कमी आणि गर्दी सर्वाधिक. १५ ऑगस्टला सांता मारियाचा सण असतो आणि त्या आठवड्यात माल्टातील स्थानिक कुटुंबेच मोठ्या संख्येने सुट्टीसाठी गोझोत येतात. बोटीसाठी मोटारींच्या लांब रांगा लागतात. ज्यांना शाळेच्या सुट्ट्यांमुळे दुसरा पर्याय नाही त्यांनी जावे. मात्र दुपारी बारा ते पाच घराबाहेर न पडण्याची स्थानिकांची रीत अंगीकारावी. उन्हाळ्यात दर आठवड्याच्या शेवटी कोणत्या ना कोणत्या गावात ग्रामदैवताच्या जत्रेसारखा उत्सव असतो, ज्याला फेस्ता म्हणतात. रोषणाई, बँडपथके, मिरवणूक आणि सकाळपासून कानठळ्या बसवणारे दारूकाम. पाहण्याजोगा प्रकार आहे, पण घर त्याच चौकात घेतले असेल तर झोपेची आशा सोडावी.

गोझोत दिवसाची आखणी घड्याळापेक्षा वाऱ्यावर ठरते. वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला तेथे मय्यिस्त्राल म्हणतात. तो सुटला की उत्तरेकडील किनाऱ्यांवर लाटा आपटतात आणि दक्षिण-पूर्वेच्या बाजूला, म्हणजे होन्दोक किंवा इम्जार इश्-शिनी या खाड्यांत, पाणी आरशासारखे शांत असते. आग्नेयेच्या दमट, उष्ण वाऱ्याचे नाव मराठी कानाला गमतीचे वाटेल. त्याचा उच्चार जवळजवळ ‘श्लोक’ असाच आहे. हा श्लोक सुरू झाला की उलट दिशेला, रामला किंवा मार्सालफोर्नकडे जावे. सकाळी वाऱ्याची दिशा पाहून पोहण्याची जागा निवडणे, हे गोझोत राहणाऱ्या प्रत्येकाचे पहिले काम असते. ठराविक क्रमाने फिरणाऱ्या सहलीला मात्र ते जमत नाही. खवळलेल्या समुद्रात धोक्याची सूचना लावलेली असेल तर उतरू नये, हे वेगळे सांगायला नको.

पोहोचायचे कसे

गोझोवर विमानतळ नाही. सर्व विमाने माल्टा बेटावरील लुका येथे उतरतात आणि तेथून दोन मार्ग आहेत. पहिला माल्टाच्या वायव्य टोकावरील चिर्केव्वा बंदरातून. एक्स१ ही बस विमानतळावरून थेट तेथे जाते आणि तिला तासाहून अधिक वेळ लागतो. टॅक्सीने रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास पुरतो. चिर्केव्वाहून गोझोच्या इम्जार बंदरापर्यंत मोटारी घेऊन जाणारी मोठी बोट २५ मिनिटांत पोहोचवते आणि ती सेवा रात्रीही सुरू असते. गंमत अशी की जाताना कोणी तिकीट मागत नाही. भाडे परतताना इम्जार बंदरात घेतले जाते. पायी प्रवाशासाठी जाऊन-येऊन ४ युरो ६५ सेंट हा दर अनेक वर्षे चालत आला आहे.

दुसरा मार्ग राजधानी व्हॅलेटाहून. २०२१ पासून तेथून केवळ प्रवाशांसाठी वेगवान बोटी सुटतात आणि पाऊण तासात इम्जारला लागतात. विमान दिवसा उतरणार असेल आणि मोटार भाड्याने घ्यायची नसेल तर हाच मार्ग सोयीचा, कारण विमानतळ ते व्हॅलेटा हे अंतर अगदी थोडे आहे. मात्र वारा वाढला की आधी रद्द होतात त्या याच लहान बोटी. दोन्ही बेटांदरम्यान समुद्राखालून बोगदा करावा की नाही, यावर माल्टात अनेक वर्षे वाद चालू आहे. नोकरीसाठी रोज बोटीने ये-जा करणाऱ्यांना तो हवासा वाटतो. बेटाचे बेटपण जाईल अशी भीती असणाऱ्यांना नकोसा. तो होईपर्यंत तरी गोझोला जाणे म्हणजे पाण्यावरून जाणे.

बेटावर बस आहे आणि ती स्वस्त आहे. जवळपास सर्व मार्ग मध्यवर्ती शहर व्हिक्टोरियाच्या स्थानकातून फुटतात, त्यामुळे एका गावाहून शेजारच्या गावी जायलाही अनेकदा व्हिक्टोरियात बस बदलावी लागते. फेऱ्यांमधील अंतर बहुधा तासाभराचे. तिघे-चौघे असाल, विशेषतः ज्येष्ठ सोबत असतील, तर मोटार घ्यावी. माल्टावर १८०० ते १९६४ या काळात ब्रिटिशांचा अंमल होता, त्यामुळे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि विजेची पिन तीन चौकोनी दांड्यांची, ब्रिटन व आखातातील बहुतेक देशांसारखीच असते. गावांतील गल्ल्या अतिशय अरुंद आहेत. गाडी जितकी लहान तितका जीव शांत.

नावांचा गोंधळ

पाट्या वाचताना सुरुवातीला गोंधळ उडतो. माल्टी भाषेत एक्स या अक्षराचा उच्चार ‘श’ होतो आणि काही अक्षरे केवळ लिहिण्यापुरती असतात. स्थानिक लोक गोझोला आउदेश म्हणतात. व्हिक्टोरिया हे नाव १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिले गेले. बोलण्यात मात्र अजूनही रबात हेच चालते. म्हणजे पाटीवर एक आणि कंडक्टरच्या तोंडी दुसरे, हा मुंबईकराला परिचित असलेलाच प्रकार.

माल्टी ही रोमन लिपीत लिहिली जाणारी सेमिटिक भाषा आहे. मध्ययुगीन अरबीपासून ती निघाली आणि पुढे तिच्यात इटालियन शब्दांची भर पडली. आखातात राहून थोडीफार अरबी कानावर पडलेल्यांना ती अर्धवट कळल्यासारखी वाटते. ज्यांना अरबी येत नाही त्या मराठी माणसालाही काही ओळखीचे भेटते : डॉक्टरला तेथे तबीब म्हणतात, जगाला दिन्या, पुस्तकाला क्तीब. फारसी-अरबीतून मराठीत आलेल्या तबीब, दुनिया, किताब या शब्दांची ही दूरची भावंडे. इंग्रजी ही तेथील दुसरी अधिकृत भाषा असल्याने व्यवहारात अडचण अशी येत नाही.

राहायचे कुठे

समुद्र खिडकीतून दिसावा असे वाटत असेल तर श्लेंडी किंवा मार्सालफोर्न. दोन्ही ठिकाणी उपाहारगृहे पायाशी आहेत आणि दोन्ही ठिकाणी खाडीभोवती उभ्या राहिलेल्या इमारतींनी निराशा होण्याची शक्यता आहे. गेल्या काही वर्षांत गोझोत बांधकाम फार वाढले. क्रेन नसलेले क्षितिज शोधावे लागते, आणि याविषयी स्थानिकांतही नाराजी आहे. माझी पसंती आर्ब, सान लॉरेन्झ किंवा शाआरा या आतल्या गावांतील जुन्या शेतघरांना आहे. जाड दगडी भिंती, कमानी, मधोमध अंगण आणि बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर. मात्र जुन्या घरांचे दगडी जिने उभे आणि बिनकठड्याचे असतात. गुडघेदुखी असलेल्या पालकांसाठी तळमजल्यावर झोपण्याची खोली आणि स्नानगृह आहे ना, हे आरक्षणापूर्वी विचारून लेखी घ्यावे. मोटारीविना राहणाऱ्यांनी व्हिक्टोरियातच राहावे. सार्वजनिक रुग्णालयही तेथेच आहे. आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक ११२.

काय पाहावे आणि केव्हा

शाआरा गावच्या कडेला असलेली जगांतिया ही महापाषाणी मंदिरे गोझोचे सर्वांत मोठे वैभव. इसवी सनपूर्व ३६०० च्या सुमारास त्यांची उभारणी सुरू झाली असे मानतात. म्हणजे इजिप्तचे पिरॅमिड उभे राहण्यापूर्वी आणि मोहेंजोदडो वसण्यापूर्वी सुमारे हजार वर्षे. धातूची अवजारे नव्हती, तरी येथील काही शिळा पाच मीटरहून लांब आणि पन्नास टनांहून जड आहेत. एका महाकाय स्त्रीने केवळ शेंगांतील दाणे आणि मध खाऊन, मूल अंगावर बाळगत या शिळा वाहून आणल्या, अशी लोककथा आहे आणि मंदिरांचे नावही ‘राक्षस’ या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. १९८० मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. दारे उघडताच पोहोचावे. सहलींच्या बसेस येण्यापूर्वीचा तासभर मंदिराच्या आतल्या अर्धवर्तुळाकार दालनांत जवळपास एकट्याने उभे राहता येते. त्याच तिकिटात गावातील अठराव्या शतकातील ता कोला ही पवनचक्कीही पाहता येते.

व्हिक्टोरियातील चित्तादेल्ला हा किल्ला सायंकाळसाठी राखून ठेवावा. त्याच्या तटावरून सारे बेट एका फेरीत दिसते. मात्र वर जाण्याआधी १५५१ चा इतिहास ठाऊक असावा. त्या वर्षीच्या जुलैमध्ये सिनान पाशा आणि द्रागुत यांच्या ऑटोमन आरमाराने गोझोवर हल्ला केला. किल्ल्यात आसरा घेतलेल्या बहुतेक सगळ्या लोकांना, म्हणजे सुमारे पाच हजार जणांना, गुलाम करून नेण्यात आले. बेट जवळपास ओस पडले आणि पुन्हा भरायला अनेक दशके लागली. रात्री सर्वांनी तटाच्या आत झोपायला यावे, असा दंडक १६३७ पर्यंत होता. गोझोतील जुनी गावे समुद्राकडे पाठ फिरवून टेकड्यांवर का बसली आहेत, हे या माहितीनंतर वेगळे सांगावे लागत नाही.

किल्ल्यातील कॅथेड्रल लॉरेन्झो गाफा या वास्तुकाराने आखले. पैशाअभावी घुमट काही बांधता आला नाही. मग १७३९ मध्ये सपाट छतावर आंतोनिओ मान्युएले या चित्रकाराने घुमटाचे असे चित्र रंगवले की आत उभे राहून वर पाहणारा फसतो आणि बाहेर येऊन घुमट शोधू लागतो. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. शेजारच्या पुरातत्त्व संग्रहालयात मैमुना नावाच्या मुलीच्या कबरीवरील ११७४ सालची संगमरवरी शिळा आहे. तिच्यावर अरबी लेख आहे, त्यामुळे माल्टी भाषेचे मूळ येथे दगडावर वाचता येते. संग्रहालये लवकर बंद होतात, म्हणून ती आधी पाहावीत आणि तटावर नंतर चढावे.

ऑक्टोबरात जाणाऱ्यांसाठी व्हिक्टोरियात आणखी एक आकर्षण आहे. या एवढ्याशा शहरात एकाच रस्त्यावर दोन ऑपेरागृहे आहेत, आस्त्रा आणि ऑरोरा. दोन वेगवेगळ्या पॅरिशांच्या बँडपथकांची ती आहेत आणि दोघांतील चुरस पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. एकाने ऑपेरा केला की दुसऱ्यानेही करायचाच. एकाच गावातील दोन गणेश मंडळांची ईर्षा पाहत वाढलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पश्चिम टोकावरील द्वेइरा येथे जाणाऱ्यांनी जुनी छायाचित्रे विसरावीत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये दिसलेली, अझुर विंडो नावाची दगडी कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात समुद्रात कोसळली. काही माहितीपुस्तकांत आणि भिंतीवरच्या चित्रांत ती अजून उभी आहे. कमान गेली तरी जागा पाहण्यासारखीच राहिली. शेजारचे ब्लू होल हे पाणबुड्यांचे आवडते ठिकाण आहे. ‘इनलँड सी’ नावाच्या खाजणातून लहान होड्या सुमारे ८० मीटर लांबीच्या नैसर्गिक बोगद्यातून खुल्या समुद्रात जातात. समुद्र खवळलेला असेल तर जात नाहीत. समोरच्या एकाकी खडकावर उगवणाऱ्या वनस्पतीला औषधी मानून सेंट जॉनच्या सरदारांनी तेथे पहारा बसवला होता. सूर्यास्ताला गर्दी होते, पण ती गाड्यांतून आलेली असते. कड्यावरून दहा मिनिटे चालले की ती मागे पडते.

मार्सालफोर्नच्या पश्चिमेला श्वेइनीची मिठागरे सुमारे तीन किलोमीटर पसरली आहेत. आपल्याकडील वसई-उरणची मिठागरे चिखलाचे बांध घालून केलेली असतात. येथे किनाऱ्याच्या मऊ चुनखडकातच चौकोनी वाफे कोरले आहेत. उन्हाळ्यात काही कुटुंबे आजही हाताने मीठ गोळा करतात. वाफे खाजगी आहेत आणि त्यांत खाण्याचे मीठ तयार होत असते. छायाचित्राच्या नादात त्यांत पाय टाकणे, हा पर्यटकांचा नेहमीचा अपराध आहे. मीठ विकत घ्यायचे तर तेथल्याच छोट्या दुकानातून घ्यावे.

रामला इल-हामरा हा तांबूस वाळूचा किनारा पोहायला उत्तम. तेथील प्रसिद्ध कॅलिप्सोची गुहा मात्र खचण्याच्या भीतीने बंद आहे. ता पिनू हे आर्बजवळचे तीर्थस्थान शेतांच्या मधोमध उभे आहे. नवस फेडणाऱ्यांनी ठेवलेल्या वस्तूंच्या खोल्या पाहताना कोणत्याही भारतीयाला अनोळखी वाटणार नाही. पायी फिरणाऱ्यांसाठी ता चेंचचे कडे आहेत; पहाटे बंदुकांचे आवाज आले तर घाबरू नये, पक्ष्यांच्या शिकारीचा तेथे परवाना असलेला हंगाम असतो. तो आवडावा असे नाही.

कोमिनोच्या ब्लू लगूनविषयी थोडक्यात : उन्हाळ्यात दुपारी ते पाणी माणसांनी भरलेले असते. गर्दी आवरण्यासाठी २०२५ पासून तेथे उतरणाऱ्यांसाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी सुरू करण्यात आली आहे. गोझोत मुक्काम असेल तर इम्जारहून सकाळच्या पहिल्या होडीने जाऊन माल्टाच्या मोठ्या नौका येण्याआधी परतता येते. वेळ कमी असेल तर कोमिनो गाळावे आणि होन्दोकच्या खाडीत पोहावे. पाणी तेच आहे.

खाणेपिणे

माल्टाचे राष्ट्रीय पक्वान्न म्हणून सशाचा रस्सा सांगितला जातो, परंतु शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचे जबेइना नावाचे छोटे गोल चीज गोझोची खासियत आहे. ताजे, वाळवलेले आणि मिरी लावलेले अशा तीन रूपांत ते मिळते. कडक शाकाहाऱ्यांनी त्यात प्राणिज रेनेट आहे का, हे विचारावे. फ्तिरा हा चपटा पाव युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०२० मध्ये गेला. गोझोत त्यावर बटाट्याचे काप, चीज वगैरे घालून भट्टीत भाजतात. अँचोव्हीचे मासे नको असल्यास आधी सांगावे. लसूण घातलेली घट्ट कडधान्याची बिगिल्ला पावासोबत छान लागते. वाटाण्याचे सारण भरलेले पास्तित्सी मटार करंजीची आठवण करून देतात, पण त्यांचे पापुद्रे पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीवर होतात. काही ठिकाणी आता मार्गारिन वापरतात. विचारल्याशिवाय खाऊ नयेत.

स्वयंपाकघर असलेले घर घेऊन घरचे सामान नेणाऱ्यांना एक सूचना. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुग्धजन्य व मांसजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे, आणि ब्रिटनही आता संघाबाहेरच गणला जातो. पनीर, खवा, साजूक तूप घरीच ठेवावे. पोहे, डाळ, मसाले नेण्यास हरकत नाही. नळाचे पाणी पिण्यायोग्य असले तरी त्यात समुद्राचे निर्क्षारीकरण केलेले पाणी असल्याने चहाची चव बदलते. चहासाठी बाटलीचे पाणी वापरावे.

या बेटांशी महाराष्ट्राचा एक जुना धागाही आहे. १८७८ मध्ये रशियाला इशारा म्हणून ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक समुद्रमार्गे माल्टात आणले होते. त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. आज माल्टातील रुग्णालये, बसगाड्या आणि उपाहारगृहांची स्वयंपाकघरे यांत भारतीय कामगार ठळकपणे दिसतात. पर्यटक म्हणून गेलेल्याला एखाद्या हॉटेलात मसालेदार भाजी मिळते, ती बहुधा त्यांच्यामुळे.

परतीचा दिवस

सकाळी नऊच्या आतले विमान असेल तर शेवटची रात्र माल्टात काढावी. त्यानंतरचे असेल तर मुक्कामाच्या घरातून विमानाच्या वेळेच्या किमान पाच तास आधी निघावे : बंदरापर्यंत वीस मिनिटे, बोटीची रांग, २५ मिनिटांचा प्रवास, पलीकडे बस वा टॅक्सी आणि मग विमानतळावरील तपासणी. रविवारी सायंकाळी माल्टाला परतणाऱ्या मोटारींची रांग लांबलचक असते, त्यामुळे सोमवार ते गुरुवारची परती बरी. वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्रीच पाहावा. वेगवान बोट रद्द झाली तर चिर्केव्वाकडे जाणारी मोठी बोट पकडावी, कारण ती सहसा चालू असते. परतीचे भाडे भरण्यासाठी इम्जारच्या टर्मिनलमध्ये खिडक्या आहेत. पावती बोटीत चढेपर्यंत हाताशी ठेवावी.